पांढऱ्या कपावरचा तांबडा रंग

गेल्या वर्षी चित्रकलेच्या तासाला आम्ही टेबलावर एक पांढरा कप ठेवला व त्याला लागून तांबड्या पुठ्ठ्याची वही उभी केली. एका मुलीने कपाच्या एका अंगाला फिकट तांबडा रंग दिला. "कप पांढरा आहे ना? मग हा डाग कसला?" असे म्हणून आम्ही तिला तो पुसावयास लावला. पुढे संगणकावर हुबेहूब चित्रे कशी तयार करतात, याविषयी वाचू लागलो आणि आमची चूक ध्यानी आली.

संगणक चित्र काढतो म्हणजे प्रकाशाचा हिशेब करतो. आरंभी हा हिशेब अगदी तोकडा असे. दिव्याचा प्रकाश वस्तूवर पडला, तेथून डोळ्यात आला, संपले. त्यामुळे वस्तू प्लास्टिकच्या वाटत आणि सावल्या काजळासारख्या काळ्या पडत. संपूर्ण संगणकावर तयार झालेला पहिला लांब चित्रपट 'टॉय स्टोरी' १९९५ साली आला. त्याचे नायक खेळणीच होते, हे सोयीचेच झाले म्हणायचे!

पण प्रकाश असा एका उडीत थांबत नाही. तो भिंतीवरून जमिनीवर, जमिनीवरून छतावर उसळत राहतो आणि जाताना रंगही घेऊन जातो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८४ साली एका रिकाम्या खोक्याचे चित्र या हिशेबाने काढले. खोक्याची एक बाजू तांबडी होती. तिची झाक शेजारच्या पांढऱ्या भागावर आपोआप उतरली. पुढे त्यांनी खरेच खोके बनविले आणि खोके व चित्र दोन्ही कॅमेऱ्याच्या काचेतून लोकांना दाखविली. खरे कोणते? लोकांची उत्तरे नुसत्या अंदाजापेक्षा सरस ठरली नाहीत. ही गोष्ट १९८६ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी जेम्स काजिया यांनी या साऱ्या उसळत्या प्रकाशाला एका समीकरणात बसविले. समीकरण लहान, पण त्याचा हिशेब इतका प्रचंड की चित्रपटवाल्यांना तो पेलायला कित्येक वर्षे लागली.

दुधाने तर आणखी छळले. दुधाचा पेला संगणकावर काढला की पांढऱ्या रंगाचा डबा दिसे! कारण दुधात प्रकाश वरच्यावर परतत नाही. आत शिरतो, भटकतो आणि दुसरीकडूनच बाहेर पडतो. माणसाच्या कातडीचेही तेच. हेन्रिक वान येन्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली याचा जमण्याजोगा हिशेब दिला, तेव्हा कुठे पडद्यावरचे चेहरे मेणाचे दिसेनासे होऊ लागले.

आम्हांस शिक्षक म्हणून विशेष आवडली ती आयकिया या स्वीडनच्या फर्निचर कंपनीची हकीकत. तिच्या सूचीपत्रात संगणकाने केलेली पहिली खुर्ची २००६ साली छापली गेली. २०१४ पर्यंत मालाच्या चित्रांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश चित्रे संगणकाची होती, आणि ती पाहून खुर्च्या विकत घेणाऱ्यांना पत्ताही नव्हता. हे साधावे म्हणून कंपनीने छायाचित्रकारांना संगणक शिकविला, आणि संगणकवाल्यांच्या हाती कॅमेरा दिला. यंत्राला शिकविण्याआधी त्यांना स्वतः बघायला शिकावे लागले.

परवा ती मुलगी शाळेच्या फाटकाशी भेटली. आम्ही तिला म्हणालो, "तुझा कप बरोबर होता, बाळ."

ती म्हणाली, "पण गुरुजी, तो रंग तुम्हांलाही दिसत होता ना?"

खरे सांगायचे तर, आम्हांला तो दिसला नव्हता.