पानथरी काढल्यावर तापाकडे लक्ष

डाव्या बरगड्यांच्या आत, जठराच्या मागे, मुठीएवढी पानथरी असते. डॉक्टर तिला प्लीहा म्हणतात. वजन साधारण 150 ते 200 ग्रॅम. रक्तातल्या झिजलेल्या पेशी मोडायच्या आणि जंतू गाळायचे, हे तिचं काम.

थॅलेसेमिया, यकृताचा जुना आजार, काही रक्ताचे कर्करोग, वारंवारचा हिवताप यांत ती फुगते. कधी दीड-दोन किलोची होऊन बेंबीखाली उतरते. मग चार घासांत पोट गच्च होतं. चांगल्या पेशीही ती मोडू लागते, रक्त चढवून पुरत नाही. मेळघाटात लेकरांच्या फुगलेल्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. त्यानं पानथरी तसूभर कमी होत नाही, लेकरू मात्र भाजतं.

प्रत्येक वाढलेली पानथरी काढावी लागत नाही. हिवतापाची बहुधा औषधानंच उतरते. काढायचीच ठरली, तर आता दुर्बिणीनं काढता येते. पोटाला तीन-चार बारीक छेद देतात, वायू भरून आत जागा करतात आणि पडद्यावर बघत रक्तवाहिन्या बंद करतात.

पण पपईएवढी पानथरी बोटभर छेदातून निघणार कशी? पोटातच एक मजबूत पिशवी उघडून तिच्यात ती भरतात. पिशवीचं तोंड बाहेर ओढून आतल्या आत तुकडे करतात आणि काढतात. तुकडा पोटात सांडला तर तिथंच रुजू शकतो, म्हणून ही पिशवी. फारच मोठी असेल तर हात जाईल एवढा एक छेद वाढवतात. रक्तस्राव आवरला नाही तर पोट उघडावंच लागतं. त्याची सही आधीच घेतात, तेव्हा घाबरू नका.

बाई लवकर घरी येते, व्रण छोटे असतात, आणि इथंच घोटाळा होतो. व्रण छोटा म्हणून ऑपरेशनही छोटं, असं घरच्यांना वाटतं. पण जंतू गाळणारी चाळणीच गेलेली असते. न्यूमोनिया आणि मेंदूज्वराच्या जंतूंविरुद्धच्या लसी शक्यतो ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी घ्यायच्या. पुढच्या कधी, तेही तारखेसह लिहून घ्या. नंतरच्या दिवसांत पोट जोरात दुखलं तर परत दाखवा. यकृताकडे जाणाऱ्या शिरेत गाठ झालेली असू शकते.

आणि ताप! थंडी वाजून ताप आला तर काढा घेऊन सकाळची वाट बघू नका. काही तासांत जीव जाऊ शकतो, दहा वर्षांनीसुद्धा. हिवतापाच्या गावात मच्छरदाणी हवीच. कुत्रं चावलं तरी लगेच दवाखाना गाठा. तिथं नंबर लावताना, नाव सांगायच्याही आधी सांगा, "माझी पानथरी काढलेली आहे."