दिव्याखालची मेथी आणि नऊ चौकोन

उल्हासनगर ही मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित येथील बराकींत राहू लागले. आज कॅम्प २ मध्ये घरे इतकी दाट आहेत, की कित्येक खिडक्यांत ऊन येतच नाही. अशा घरात मेथी पेरून पाहायची, तर दिवा लावावा लागतो. समजा, एका कुंडीला खत घातले, दुसरीला नाही, आणि पहिली जोमाने वाढली. हा खताचा परिणाम म्हणावा का? दोन्ही कुंड्यांना सारखा प्रकाश मिळाला असेल, तरच!

९ वॅटच्या एलईडी दिव्यातून साधारण ९०० ल्युमेन प्रकाश बाहेर पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक ल्युमेन पडला, की तेथील दीपन एक लक्स. आता हे करून पाहा. ६० सेंटिमीटर बाजूच्या पुठ्ठ्यावर २० सेंटिमीटरचे नऊ चौकोन आखा. मधल्या चौकोनावर ३० सेंटिमीटर उंचीवर दिवा टांगा. खोलीत अंधार करून प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी लक्समापक आडवा ठेवा.

समजा, मध्ये २२००, बाजूच्या चार चौकोनांत ११०० आणि कोपऱ्यांत ६०० लक्स भरले. बेरीज ९०००, सरासरी १००० लक्स. पुठ्ठ्याचे क्षेत्रफळ ०.३६ चौरस मीटर. म्हणजे ९०० पैकी ३६० ल्युमेनच पुठ्ठ्यावर पडले. कोपऱ्याला तर मधल्या जागेच्या पावपटीहून थोडाच अधिक प्रकाश मिळाला. दुपारच्या थेट उन्हात सुमारे एक लाख लक्स असतात, हेही ध्यानात घ्या.

मोबाइलवरही मोजता येते. त्याचे आकडे अचूक नसले, तरी एकाच मोबाइलने घेतलेल्या आकड्यांची आपसांत तुलना चालते.

एक सावधगिरी मात्र हवी. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यावर बेतलेले आहे. डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट प्रकाशाला सर्वाधिक दाद देतो. पाने ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश वापरतात. त्यात निळा व तांबडाही आला. म्हणून जांभळट दिसणारा रोपांचा दिवा आणि पांढरा दिवा यांची तुलना लक्सने करू नये.

दिवा वर घेतला, तर प्रकाश अधिक सारखा पसरतो, पण कमी होतो. कडेने पांढरे कागद उभे केले, तर बाहेर जाणारा काही प्रकाश परत येतो. आणि कुंड्यांच्या जागा रोज आलटून पालटून बदलल्या, तर खताला त्याचे श्रेय न्याय्यपणे देता येते.