साडेबारा लाख प्रती, पन्नास जीबी

डोंबिवलीतल्या एखाद्या घरात बारावी झालेली मुलगी नव्या पीसीवर प्रोग्रॅमिंगसाठी ‘व्हिज्युअल स्टुडिओ’ टाकायला बसते. मायक्रोसॉफ्ट सांगते: नेहमीच्या इन्स्टॉलेशनला २० ते ५० जीबी जागा ठेवा, सगळंच हवं असेल तर २१० जीबीपर्यंत.

२० जीबीच धरू. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचे, म्हणजे झाल्या साडेतेरा हजार फ्लॉप्या. एकीवर एक रचल्या तर ४५ मीटर, पंधरा मजली इमारतीएवढ्या. रुळांच्या कडेने ओळीत मांडल्या तर सव्वा किलोमीटर. बारा डब्यांच्या चार लोकल संपल्या तरी फ्लॉप्या उरतात. २१० जीबीची ओळ ठाण्याहून निघून कळवा, मुंब्रा, दिवा मागे टाकत डोंबिवलीजवळ पोचते. ५६ केबीपीएसच्या मोडेमवर, लाइन एकदाही न तुटता, ते २० जीबी उतरायला ३३ दिवस लागले असते.

आता दुसरं टोक बघा. बोर्लंड कंपनीचं जुनं टर्बो पास्कल ३.०२ : एडिटर आणि कंपायलर एकाच फाइलमध्ये, आकार ३९,७३१ बाइट. २०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती. तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत प्रत्येकाच्या नावे त्याची एकेक प्रत काढली, तर सगळ्या मिळून जेमतेम ५० जीबी भरतात!

व्हिज्युअल स्टुडिओचा आकार म्हणजे नुसता फुगवटा नव्हे. आज एकच लायब्ररी ३२ बिट, ६४ बिट आणि एआरएम प्रोसेसरसाठी वेगवेगळी द्यावी लागते. त्यातही चुका शोधायला एक, वापरायला एक. फोनचं ॲप करायचं तर एम्युलेटर येतो, म्हणजे संगणकाच्या पोटात अख्खा फोन.

पण २५६ जीबीची एसएसडी घरात तिघांत वाटून वापरायची असते, तेव्हा हे आकडे फार जड होतात. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत टर्बो सी++ या जुन्या कंपायलरची निळी खिडकी वर्षानुवर्षे टिकली, त्यात तिच्या हलकेपणाचाही वाटा असावा असं मला वाटतं. शिकवणाऱ्यांनी पहिल्याच तासाला सांगावं : व्हिज्युअल स्टुडिओच्या इन्स्टॉलरमधल्या सगळ्या चौकटींवर टिक करू नका. सी++ हवंय ना, मग ‘डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी++’ एवढंच निवडा. आणि नुसतं सी शिकायचं असेल, तर फाब्रिस बेलारचा टायनी सी कंपायलर आहे, सुमारे १०० केबीचा. जुन्या मशीनवरही तो झटक्यात चालतो.