मिसळ ‘टेस्ट्स गुड’ की ‘टेस्ट्स वेल’? लिंकिंग आणि ॲक्शन व्हर्बमधला फरक समजून घ्या

नाशिकच्या मिसळीचा फोटो टाकलाय, कॅप्शन इंग्रजीत हवंय. ‘द मिसळ टेस्ट्स गुड’ लिहायचं की ‘टेस्ट्स वेल’? क्रियापदाबद्दल सांगायचं तर क्रियाविशेषण वापरायचं, हे शाळेत शिकलेलं असतं. त्यामुळे अनेकांना ‘वेल’ बरोबर वाटतं. पण इथे ‘गुड’ हवं, कारण या वाक्यातलं ‘टेस्ट’ हे लिंकिंग व्हर्ब आहे.

नेमका फरक काय?

ॲक्शन व्हर्ब कर्ता काय करतो ते सांगतं. लिंकिंग व्हर्ब मात्र कर्ता कोण आहे किंवा कसा आहे हे सांगणाऱ्या शब्दाशी त्याला जोडतं. ‘राम राजा झाला’ या वाक्यात ‘झाला’ हेच काम करतं. त्यातल्या ‘राजा’ला मराठी व्याकरणात विधानपूरक म्हणतात.

‘इज’, ‘आर’, ‘बिकम’, ‘सीम’ ओळखणं सोपं आहे. गोंधळ होतो तो टेस्ट, लुक, फील यांच्यामुळे. इंग्रजीत एकच शब्द दोन्ही कामं करतो. मराठीत मात्र बहुतेक वेळा त्यासाठी वेगळे शब्द आहेत:

- टेस्ट: व्यापारी द्राक्षं चाखतो (ॲक्शन). द्राक्षं गोड लागतात (लिंकिंग).
- लुक: ती गोदावरीकडे बघते (ॲक्शन). गोदावरी गढूळ दिसते (लिंकिंग).
- फील: आई कपाळाला हात लावून बघते (ॲक्शन). मला उदास वाटतं (लिंकिंग).

म्हणजे मनात ‘लागतं, दिसतं, वाटतं’ आलं, तर इंग्रजीत बहुधा लिंकिंग व्हर्ब आहे.

खात्री कशी करायची?

क्रियापदाच्या जागी ‘इज’ किंवा ‘आर’ ठेवून बघा. ‘द ग्रेप्स टेस्ट स्वीट’चं ‘द ग्रेप्स आर स्वीट’ होतं. अर्थ टिकला, म्हणजे लिंकिंग. पण ‘द ट्रेडर टेस्ट्स द ग्रेप्स’चं ‘द ट्रेडर इज द ग्रेप्स’ केलं, तर व्यापारीच द्राक्षं होऊन बसतो! म्हणजे ते ॲक्शन व्हर्ब.

लिंकिंग व्हर्बनंतर विशेषण येतं, कारण तो शब्द कर्त्याचं वर्णन करतो. म्हणून ‘यू लुक ब्युटिफुल’, ‘ब्युटिफुली’ नाही. पण ‘शी लुक्ड ॲट मी अँग्रिली’ बरोबर आहे, कारण तिथे बघण्याची क्रिया आहे. ‘आय फील वेल’ही चालतं. तिथे ‘वेल’ म्हणजे तब्येत बरी, आणि ते विशेषणच आहे.

मराठी कुठे चकवते?

राज्यातल्या मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. तरी मुलाखतीत दोन चुका हमखास ऐकू येतात.

पहिली, ‘आय ॲम अग्री’. मराठीत ‘सहमत’ हे विशेषण आहे, म्हणून ‘मी सहमत आहे’ म्हणावं लागतं. ‘अग्री’ मात्र स्वतःच क्रियापद आहे. त्यामुळे फक्त ‘आय अग्री’ म्हणा.

दुसरी चूक याच्या उलट. ‘माझं नाव सीमा’ हे मराठीत ‘आहे’शिवाय चालतं. इंग्रजीत ‘माय नेम सीमा’ चालत नाही. तिथे ‘इज’ हवंच: ‘माय नेम इज सीमा’.