विमान स्वस्त, नियम कडक : तिकीट काढण्याआधी एवढं वाचाच

विटा : दिवाळी उरकून केरळला परत निघालेलं खानापूर तालुक्यातलं एक गलाई कुटुंब. नवरा-बायको, दोन पोरं आणि सत्तरी ओलांडलेली आई. पुण्याहून विमान सकाळी ७.४० चं. रात्रीच गाडी करून निघाले, पहाटे ६.२० ला विमानतळावर हजर. वेळेच्या चांगलं तासभर आधी. काउंटरवरच्या मुलीनं तिकीट बघितलं आणि म्हणाली, "तुमचं विमान दहा मिनिटांपूर्वीच गेलं."

कंपनीनं आठ दिवस आधीच वेळ बदलून ६.१० केली होती. तसा मेसेजही पाठवला होता. पण तिकीट काढताना बाजारपेठेतल्या एजंटनं स्वतःचाच मोबाइल नंबर टाकलेला. मेसेज त्याच्या फोनवर गेला आणि दिवाळीच्या गर्दीत तिथंच राहिला. पाच तिकिटं वाया गेली. दुपारच्या विमानाची नवी तिकिटं काढली, ती जवळजवळ तिप्पट दरानं. वर सामानाचं वजन जास्त भरलं, त्याचे पैसे वेगळे. आई एवढंच म्हणाली, "यापेक्षा एसटीचा कंडक्टर बरा. हात केला तर थांबतो तरी."

खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ भागातली हजारो माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. पूर्वी रेल्वेनं दीड-दोन दिवस लागायचे. आता यात्रेला, लग्नाला, मयतीला माणसं विमानानं येतात. पण विमान कंपन्यांविषयी बहुतेकांची तक्रार एकच : पैसे घेतात आणि माणसासारखं वागवत नाहीत. ही तक्रार कितपत खरी आहे? आणि आपला हक्क नेमका किती?

विमान स्वस्त झालं कसं?

भारतात स्वस्त विमानाची सुरुवात एका शेतकऱ्यानं केली, हे फार जणांना माहीत नसतं. कॅप्टन गोपीनाथ हे कर्नाटकातल्या हसन जिल्ह्याचे. सैन्यातून बाहेर पडल्यावर त्यांनी गावाकडं शेती आणि रेशीम उद्योग केला. २००३ साली त्यांनी एअर डेक्कन सुरू केली. काही तिकिटं तर एक रुपयाला विकली. पुढं ही कंपनी किंगफिशरकडं गेली आणि किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली. पण गोपीनाथांनी पाडलेली वाट राहिली. २००५ मध्ये स्पाइसजेट आली, २००६ मध्ये इंडिगो, २०२२ मध्ये अकासा.

या कंपन्यांचं गणित साधं आहे. हॉटेलात थाळी घेतली की पापड, लोणचं, ताक सगळं त्यात येतं. थाळीऐवजी नुसती भाजी-भाकरी मागितली तर बिल कमी होतं, पण पापड मागितला की त्याचे पैसे वेगळे. स्वस्त विमान म्हणजे भाजी-भाकरी. तिकीट फक्त जागेचं. खाणं, मनासारखी सीट, जादा सामान या सगळ्याचे पैसे वेगळे.

दुसरी गोष्ट वेळेची. विमान जमिनीवर उभं राहिलं की नुकसान आणि हवेत असलं की कमाई. त्यामुळं एक विमान उतरलं की अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा उडवायचं, असा हिशेब असतो. एकच विमान दिवसभरात पाच-सहा गावं करतं. सकाळी एका माणसासाठी दहा मिनिटं थांबलं, तर रात्रीपर्यंत पुढच्या सगळ्या फेऱ्या मागं सरकतात. म्हणून काउंटर सुटण्याच्या साधारण ६० मिनिटं आधी आणि गेट साधारण २५ मिनिटं आधी बंद होतं. विमान डोळ्यासमोर उभं असलं तरी गेट उघडत नाहीत.

राग येतो तो इथंच. पण काउंटरवर उभी असलेली पोरगी किंवा पोरगा पगारी नोकर असतो. सामानाचं वजन किंवा वेळ संगणकात पडली की ती बदलायचं त्याच्या हातात नसतं. त्याच्यावर ओरडून काही मिळत नाही. उलट प्रकरण वाढलं तर गोंधळ घालणारा प्रवासी म्हणून विमानबंदी होऊ शकते.

बाहेरच्या देशातही हेच

ही तक्रार आपल्याकडंच आहे असं नाही. युरोपात रायनएअर ही स्वस्त विमानांची सर्वांत मोठी कंपनी. आधी ऑनलाइन चेक-इन न करता विमानतळावर आलात तर माणशी ५५ पौंड घ्यायची तिची पद्धत. २०२३ मध्ये एका वृद्ध ब्रिटिश जोडप्यानं चुकून जाण्याऐवजी येण्याचे पास काढले. त्यांना ११० पौंड भरावे लागले. तिकडच्या पेपरांत मोठा गाजावाजा झाला. कंपनीनं मात्र नियम म्हणजे नियम, हीच भूमिका घेतली. लोक शिव्या देतात आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच विमानात बसतात, कारण तिकीट स्वस्त.

आपल्याकडं या बाबतीत सरकारनं थोडी बाजू घेतली. काही कंपन्या विमानतळावर बोर्डिंग पास काढून द्यायला २०० रुपयांपर्यंत घेत होत्या. जुलै २०२२ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं असे जादा पैसे घेता येणार नाहीत, असं कंपन्यांना कळवलं.

कुठला नियम कुणाचा?

विमानतळावर सगळे नियम एकसारखे वाटतात, पण ते तीन ठिकाणांहून येतात. हे कळलं की भांडायचं कुठं आणि गप्प बसायचं कुठं, ते समजतं.

पहिले, सुरक्षेचे नियम. हे सरकारचे. इथं कंपनीला दोष देऊन उपयोग नाही. हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीतलं पातळ काही चालत नाही. घरचं तूप, तेल, काकवी यांची बरणी तिथं काढून घेतात. तिखटाची पूड, कांदा-लसूण मसाला, विळी, सुरी, अडकित्ता हेही हातात नको. ते वजन करून देणाऱ्या बॅगेत ठेवावं. पॉवर बँकेचं उलटं आहे. ती फक्त हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत अजिबात नाही. काडेपेटी, लायटर, फटाके दोन्हीकडं बंद. सुकं खोबरंही घरीच ठेवावं. त्यातल्या तेलामुळं ते पेट घेणारं मानतात.

दुसरे, कंपनीचे नियम. देशातल्या प्रवासात साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी मोठी बॅग १५ किलो आणि हातातली ७ किलो. वर गेलं की किलोमागं काही शे रुपये. दिवाळीचा फराळ, ज्वारीचं पीठ, शेंगा भरल्या की १५ किलो कधी झाले ते कळत नाही. जादा वजनाचे पैसे घरून मोबाइलवर आधीच भरले तर विमानतळापेक्षा स्वस्त पडतं. घरात धान्य मोजायचा काटा असतोच. बॅग त्यावर ठेवून बघायला दोन मिनिटं लागतात.

सीटचंही असंच. वेब चेक-इन करताना समोर पैशाच्या सीट आधी दिसतात आणि पैसे भरल्याशिवाय पुढं जाता येणार नाही असं वाटतं. तसं नाही. सीट न निवडता पुढं जाता येतं. मग कंपनी देईल ती जागा. बारा वर्षांखालच्या मुलाला मात्र आई-वडिलांपैकी एकाजवळ जागा द्यावी, असं डीजीसीएनं २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं आहे. डीजीसीए म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणारं सरकारी खातं.

तिसरे, डीजीसीएचे नियम. हे कंपन्यांवर बंधन घालणारे, म्हणजेच आपल्या बाजूचे. नेमके हेच लोकांना ठाऊक नसतात.

तुमचा हक्क काय?

विमान रद्द झालं तर : दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय हवं ते प्रवाशानं निवडायचं. सुटायला २४ तासांपेक्षा कमी वेळ असताना कळवलं तर वर भरपाईही आहे. एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५ हजार, दोन तासांपर्यंत ७ हजार ५००, त्याहून लांबच्याला १० हजार रुपये, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. धुकं, वादळ, संप, सुरक्षेचं कारण असलं तर भरपाई नाही. पण पैसे परत किंवा दुसरं विमान, हा हक्क तरीही राहतो.

उशीर झाला तर : अडीच तासांपर्यंतच्या प्रवासात विमान दोन तासांहून जास्त लेट असेल तर खाणं-पाणी कंपनीनं द्यायचं. सहा तासांहून जास्त लेट असेल तर दुसरं विमान किंवा पैसे परत. रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेतलं विमान सहा तासांहून जास्त लांबलं तर राहायची सोयही द्यावी लागते.

तिकीट असून बसू दिलं नाही तर : जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली म्हणून वेळेवर आलेल्या प्रवाशाला मागं ठेवलं आणि तासाभरात दुसरं विमान दिलं नाही, तर २४ तासांत पाठवल्यास १० हजारांपर्यंत आणि त्याहून उशीर झाल्यास २० हजारांपर्यंत भरपाई बसते.

तुम्ही स्वतः तिकीट रद्द केलं तर : "पैसे परत नाहीत" असं तिकिटावर लिहिलेलं असलं तरी सगळे पैसे बुडत नाहीत. रद्द करण्याचा आकार मूळ भाडं आणि इंधन शुल्क यापेक्षा जास्त घेता येत नाही. कर आणि विमानतळाचं शुल्क परत द्यावंच लागतं. तिकीट एजंटकडून काढलं असलं तरी पैसे परत देण्याची जबाबदारी कंपनीचीच. कंपनीकडं बोट दाखवून एजंट हात वर करत असेल, तर थेट कंपनीला ईमेल करावा.

नियम नुसते कागदावर आहेत असंही नाही. मे २०२२ मध्ये रांचीला एका दिव्यांग मुलाला विमानात बसू दिलं नाही म्हणून इंडिगोला ५ लाखांचा दंड झाला. जानेवारी २०२३ मध्ये बेंगळुरूत ५५ प्रवासी बसमध्येच राहिले आणि विमान उडालं. त्याबद्दल गो फर्स्टला १० लाखांचा दंड झाला. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत ताटकळलेले प्रवासी विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवत असल्याचा व्हिडिओ फिरला. त्यात इंडिगोला १ कोटी २० लाखांचा दंड बसला. मात्र दंड सरकारजमा होतो. प्रवाशाला त्याचा हक्क स्वतः मागूनच घ्यावा लागतो.

मग लोकांचा राग चुकीचा का?

निम्मा चुकीचा, निम्मा बरोबर. सगळ्यात स्वस्त तिकीट शोधायचं आणि सेवा मात्र पाहुण्यासारखी मागायची, हे जमत नाही. वेळेचा आणि वजनाचा नियम सगळ्यांना सारखा आहे, तिथं रागावण्यात अर्थ नाही.

पण दुसरी बाजूही आहे. अटी लांबलचक इंग्रजीत असतात. फोन लावला तर यंत्र बोलतं, माणूस भेटत नाही. जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा लोकांचे तिकिटांचे पैसे अडकले. आज देशातल्या दहा प्रवाशांतले सहाहून जास्त एकट्या इंडिगोनं जातात. गावात एकच दुकान असलं की दुकानदार गोड कशाला बोलेल? डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांसाठी तयारी कमी पडली आणि इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. तेव्हा देशभर लोक अडकले आणि बाकीच्या कंपन्यांची भाडी एवढी चढली की सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली.

तक्रार कुठं करायची?

आधी कंपनीला लेखी. ईमेल किंवा ॲपवरून. तिकीट, बोर्डिंग पास, मेसेज, पावती यांचे फोटो जपून ठेवावेत. दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा ॲपवर किंवा संकेतस्थळावर. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तरीही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पुण्या-मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

एक सावधगिरी. गुगलवर "कस्टमर केअर" शोधून मिळेल तो नंबर लावू नये. पैसे परत देतो म्हणून लिंक पाठवणारे, ओटीपी मागणारे भामटे तिथं टपलेले असतात. नंबर कंपनीच्या ॲपमधूनच घ्यावा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा.

निघण्याआधी हे करा

- तिकिटावर नंबर स्वतःचाच टाका. संपर्काचा नंबर नीट दिला नसेल तर विमान रद्द झाल्याची भरपाई कंपनी नाकारू शकते, असं नियमातच आहे.
- नाव आधार कार्डावर आहे तसंच टाका. कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलेल्या तिकिटातली नावाची चूक २४ तासांत फुकट दुरुस्त होते.
- आदल्या दिवशी पीएनआर टाकून वेळ पुन्हा बघा.
- वेब चेक-इन घरीच करा, बॅग घरीच तोला.
- म्हाताऱ्या माणसांसाठी व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच सांगा.
- विमानतळावर दोन तास आधी पोहोचा. घाटात गाडी अडकली, हे कारण तिथं चालत नाही.

त्या गलाई कुटुंबानं एजंटशी भांडण केलं, पण भरपाई काही मिळाली नाही. पुढच्या यात्रेची तिकिटं थोरल्या पोरानं स्वतःच्या मोबाइलवरून काढली आहेत. कंपनी तीच, कारण त्यांना परवडणारं थेट विमान तेच आहे. फरक एवढाच की या वेळी तिकिटावर नंबर घरचा आहे. आणि आजीनं फराळाची पिशवी आधी काट्यावर ठेवायची, असं ठरलंय.