स्पोर्ट्‌स कारचे टायर बदलताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पोर्शे ७१८ केमन एस ही गाडी शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग साडेचार सेकंदांच्या आसपास गाठते. हा सगळा जोर रस्त्यापर्यंत पोहोचतो कुठून? ढोबळ हिशेब करून पाहा. चालकासकट गाडीचं वजन साधारण १४५० किलो आणि टायरमध्ये ३२ पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोचा दाब. भागाकार केला की एका चाकाच्या वाट्याला जेमतेम १६० चौरस सेंटिमीटर जागा येते, पोस्टकार्डापेक्षा जराशी मोठी. वेग, वळण आणि ब्रेक, सगळं त्या चार तुकड्यांच्या जिवावर चालतं.

असं असूनही टायर बदलायची वेळ आली की निर्णय बहुतेकदा ऐकीव माहितीवर होतो. आपल्याकडे वर्षातले चार महिने पावसाचे. म्हणून माझं ठाम मत आहे, की रस्त्यावरच्या सर्वांत वाईट दिवशी गाडी कशी थांबेल हे आधी बघावं आणि त्यावरून टायर ठरवावेत. या निर्णयाच्या आड येणारे काही गैरसमज पाहू.

गैरसमज: टायर जितका रुंद, तितकी पकड जास्त.

वस्तुस्थिती: जमिनीला टेकलेल्या भागाचं क्षेत्रफळ मुख्यतः वजन आणि हवेचा दाब यांवर ठरतं. टायर रुंद केला की तो भाग आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. कोरड्या रस्त्यावर वळण घेताना याचा फायदा होतो, म्हणून तर केमन एसला मागे २६५ मिलिमीटर रुंदीचे टायर असतात. साचलेल्या पाण्यात मात्र चित्र उलटं. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि त्यासाठी वेळ कमी मिळतो, त्यामुळे तो लवकर तरंगतो.

मोठं अलॉय आणि बुटकी साइडवॉल घेतली तर खड्ड्यांचा प्रश्नही येतो. चाक खड्ड्यात आदळलं की साइडवॉल रिम आणि रस्ता यांच्यात चेपते, आतले दोर तुटतात आणि टायरला फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो. चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली मापं हीच सुरुवात समजावी.

गैरसमज: पावसात हवा थोडी कमी ठेवली की गाडी घसरत नाही.

वस्तुस्थिती: हा सर्वांत धोकादायक सल्ला. १९६०च्या दशकात अमेरिकेत नासाच्या लँगली केंद्रात वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या चाकांवर प्रयोग करून एक साधं सूत्र मांडलं: पाण्यावर तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. साचलेलं पाणी नक्षीतून निसटू शकत नसेल, तर या सूत्राप्रमाणे ३२ पीएसआयला तो वेग ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो आणि २६ पीएसआयला ८५च्या. मोटारीच्या टायरला हे आकडे तंतोतंत लागू होत नाहीत, पण दिशा स्पष्ट आहे. हवा कमी केली की गाडी आणखी कमी वेगात तरंगते. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या सपाट टप्प्यात मोटारींसाठी १००ची मर्यादा आहे, हे लक्षात घेतलं तर मर्यादेत चालवणाराही सुरक्षित नाही, हे उघड होतं.

हवेऐवजी नायट्रोजन भरण्याबद्दल थोडक्यात: साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरायला हरकत नाही, पण महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना दाब तपासणं त्याहून महत्त्वाचं.

गैरसमज: नक्षी दिसतेय, म्हणजे टायर अजून चालेल.

वस्तुस्थिती: आपल्याकडे मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी, असा नियम आहे. नवा टायर साधारण ७ ते ८ मिलिमीटरचा असतो. नक्षी जितकी उथळ, तितकी पाणी वाहून न्यायची क्षमता कमी, म्हणून स्पोर्ट्‌स कारचे टायर पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिलिमीटरवर आले असतील तर बदलावेत.

ही खोली कुठे मोजता, तेही महत्त्वाचं. वळणात पकड मिळावी म्हणून अशा गाड्यांची चाकं वरच्या बाजूने किंचित आत झुकलेली असतात. त्यामुळे टायरची आतली कड आधी झिजते. बाहेरून नक्षी ठसठशीत दिसते, पण चाकामागे हात घालून आतल्या कडेवरून बोट फिरवलं तर तिथे खाचाच लागत नाहीत. गाडी लिफ्टवर असताना टॉर्च मारून पूर्ण रुंदी बघा आणि नवे टायर चढले की अलाइनमेंट करूनच बाहेर पडा.

शिवाय रबर न वापरताही म्हातारं होतं. साइडवॉलवर ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. बरेचदा हे आकडे एकाच बाजूला असतात, म्हणून टायर रिमवर चढवण्याआधी वाचावेत. जून २०२०पासून आपल्या देशात टायरची आयात परवान्याशिवाय होत नाही. त्यामुळे विरळ मापांचा माल दुकानात पडून राहिलेला असू शकतो. आकडे तपासा, आयएसआय चिन्ह तपासा, जुना माल असेल तर सरळ नाही म्हणा.

गैरसमज: ट्रेडवेअरचा आकडा कमी, म्हणजे टायर भारी.

वस्तुस्थिती: साइडवॉलवर छापलेला हा आकडा अमेरिकी पद्धतीचा आहे. टेक्सासमधल्या ठरलेल्या रस्त्यांवर सुमारे ११,६०० किलोमीटर गाडी चालवून झीज मोजतात आणि तिची तुलना १०० मानलेल्या प्रमाण टायरशी करतात. अंतिम आकडा कंपनी स्वतः छापते. म्हणून एका कंपनीचा २४० आणि दुसरीचा ३०० यांची थेट तुलना होत नाही. आकडा झिजेचा आहे, पकडीचा नाही. साइडवॉलवर त्याच्याच जोडीला असलेली ‘ट्रॅक्शन’ची श्रेणीही फक्त ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारून काढलेली असते. वळणातली पकड किंवा पाण्यावर तरंगणं तिच्यात येत नाही. युरोपच्या लेबलवर ओल्या पकडीची ए ते ई अशी श्रेणी असते, ती इथे जास्त उपयोगी.

गैरसमज: ट्रॅकवरचे सेमी-स्लिक टायर रस्त्यावरही सर्वांत चांगले.

वस्तुस्थिती: मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २ किंवा पिरेली पी झीरो ट्रोफेओ आर हे टायर ट्रॅकसाठी घडवलेले. नक्षी कमी, रबर गरम झाल्यावर पूर्ण पकडणारं. घाटात धुवांधार पावसात नेमकी हीच जमेची बाजू उलटते. रोजच्या वापरासाठी त्याच कंपन्यांचे रस्त्यावरचे स्पोर्ट टायर घ्या. १९९२मध्ये मिशेलिनने काजळीच्या जागी सिलिका वापरलेला टायर बाजारात आणला आणि रोलिंग रेझिस्टन्स न वाढवता ओली पकड सुधारता येते, हे दाखवून दिलं. आजच्या चांगल्या स्पोर्ट टायरची पावसातली ताकद बरीचशी त्या वाटेनेच आलेली आहे.

गैरसमज: दोनच नवे घ्यायचे तर ते पुढे लावावेत.

वस्तुस्थिती: चारही चाकांना एकच माप असेल तर नवे टायर मागे लावावेत, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरी. पुढचे घसरले तर गाडी वळायला नाखूश होते, पण वेग सोडला की बहुधा सावरते. मागचे घसरले की शेपूट फिरते आणि ओल्या रस्त्यावर ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. केमनसारख्या गाडीत पुढची-मागची मापं वेगळी, म्हणून तिथे पर्यायच नाही. एका ॲक्सलचे दोन्ही टायर एकदम बदलायचे आणि चारही एकाच मॉडेलचे ठेवायचे.

गैरसमज: साइडवॉलवरच्या जादा खुणा म्हणजे नुसती जाहिरात.

वस्तुस्थिती: ‘२६५/४० झेडआर १९ ९८वाय’ यातला ९८ म्हणजे टायर ७५० किलोपर्यंत भार पेलतो आणि ‘वाय’ म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंत टिकतो. आपण १००नेच जातो, म्हणून हलकं रेटिंग घेणं चूक. हे रेटिंग वेगाबरोबरच त्या वेगात तयार होणारी उष्णता झेलण्याच्या क्षमतेचंही आहे. पोर्शेसाठी ‘एन०’, ‘एन१’, बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, मर्सिडीजसाठी ‘एमओ’ या खुणांचे टायर त्या गाडीबरोबर चाचण्या करून जुळवलेले असतात. कायद्याने ते सक्तीचे नाहीत, पण मिळत असतील तर तेच घ्या आणि खूण असलेले-नसलेले एकत्र मिसळू नका.

शेवटी वेळेचं गणित. विरळ मापं मागवायला आठवडे लागतात आणि नव्या टायरची वरची गुळगुळीत परत उतरून खरी पकड यायला दोन-तीनशे किलोमीटर सावकाश चालवावं लागतं. म्हणून मार्चमध्ये नक्षी मोजा, एप्रिलमध्ये ऑर्डर द्या, मेमध्ये टायर चढवा. एक्झॉस्ट आणि रीमॅपिंगसाठी बाजूला काढलेले पैसे आधी इथे खर्च करा. जूनचा पहिला पाऊस रस्त्यावरच्या तेलात मिसळतो, तेव्हा ब्रेकवर पाय पडल्यानंतरचे काही मीटर याच खर्चाने वाचतात.