स्वादुपिंडातली कर्करोगाची पेशी पुढे कशी सरकते?

स्वादुपिंडाच्या कर्करोगात खरा घात होतो तो गाठीपासून सुटून यकृतापर्यंत पोचणाऱ्या पेशींमुळे. या पेशींना ना पाय, ना शेपूट. मग त्या सरकतात कशा? उत्तराचा मोठा भाग आयनांच्या, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांच्या, ये-जा करण्यात आहे.

आधी निरोगी स्वादुपिंड पाहू. ते दिवसाला सुमारे दीड लिटर पाचकरस तयार करतं. जठरातून आलेलं आम्ल मारण्यासाठी त्याच्या नलिकांमधल्या पेशी रसात बायकार्बोनेट सोडतात. पण नलिकेत बायकार्बोनेट गेलं, की तेवढाच हायड्रोजन आयन मागच्या बाजूला, रक्ताकडे, टाकावा लागतो. आम्ल बाहेर काढणारी ही दारं म्हणजे या अवयवाचा रोजचा व्यवहार. कर्करोग हीच दारं आपल्या कामाला लावतो.

आता एकच सरकणारी पेशी जवळून पाहा. तिच्या पुढच्या कडेवर एनएचई-1 नावाचं प्रथिन दाटीने बसलेलं असतं. ते एक सोडियम आत घेतं आणि एक हायड्रोजन बाहेर टाकतं. त्यामुळे आतल्या बाजूला, त्या कडेपाशी, आम्लता घटते. आम्लता घटली की कोफिलिन हे प्रथिन जागं होतं आणि पेशीच्या आतल्या सांगाड्याचे, म्हणजे ॲक्टिनचे, तंतू कापतं. कापलेल्या टोकांपासून नवे तंतू वाढतात आणि पेशीचं आवरण पुढे रेटतात. बाहेर साचलेलं आम्लही वाया जात नाही: वाटेतलं कोलॅजन तोडणाऱ्या विकरांना ते मदत करतं. निरोगी पेशीच्या आतला पीएच साधारण 7.2 आणि बाहेरचा 7.4 असतो, गाठीत हे गणित उलटं होतं.

मागच्या टोकाला कॅल्शियम जास्त असतं. ते केसीए-3.1 ही पोटॅशियमची वाट उघडतं. पोटॅशियम बाहेर पडतं, त्यामागून क्लोराइड आणि त्यांच्यामागून पाणी. मागचा भाग आक्रसतो. तेच कॅल्शियम कॅल्पेन या विकरालाही चालना देतं आणि पेशीची जमिनीवरची जुनी पकड सुटते.

पाण्याचा वाटा किती मोठा आहे, हे 2014 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या प्रयोगात दिसलं. अतिशय अरुंद नळ्यांत कोंडलेल्या कर्करोगाच्या पेशी ॲक्टिनचं काम औषधाने थांबवल्यावरही सरकत राहिल्या, पुढून पाणी घेत आणि मागून सोडत. त्या पेशी स्वादुपिंडाच्या नव्हत्या. पण स्वादुपिंडाची गाठ कोलॅजनच्या तंतूंनी इतकी घट्ट भरलेली असते, की तिथल्या पेशीलाही अशाच फटींतून वाट काढावी लागते. हे तंतू विणणाऱ्या स्टेलेट पेशीसुद्धा याच पोटॅशियमच्या वाटेवर सरकतात. जर्मनीतल्या म्युन्स्टर इथे आल्ब्रेख्ट श्वाब यांच्या गटाने यावर बरंच काम केलं आहे.

मग ही दारं बंदच का करू नयेत? अडचण अशी, की ती शरीरभर आहेत. एनएचई-1 रोखणारं कॅरिपोराइड हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवर तपासलं गेलं. हृदयाची हानी घटली, पण मृत्यू वाढले. केसीए-3.1 रोखणारं सेनिकापोक सिकलसेलसाठी तपासलं गेलं होतं आणि रुग्णांना ते बऱ्यापैकी सोसलं. माझ्या मते आशा धरायला तीच वाट बरी. आज मात्र स्वादुपिंडाच्या कर्करोगात दवाखान्यात यातलं एकही औषध दिलं जात नाही. उपचारांचा मुख्य भार शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीवरच आहे.